‘मेन विदाउट विमेन’ वाचून निराशा का होते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ड्राइव्ह माय कार’ हा चित्रपट आवडला म्हणून आपण हारुकी मुराकामी यांचा ‘मेन विदाउट विमेन’ हा कथासंग्रह मुद्दाम मिळवून वाचला. तिसऱ्या-चौथ्या कथेपर्यंत येता येता सगळे पुरुष एकाच साच्यातले वाटू लागले आणि त्यांना सोडून गेलेल्या किंवा वारलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ एकीचाही चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला नाही. तेव्हा आपल्या वाचनात काही कमी पडले की पुस्तकातच काही कमी आहे, आणि या लेखकाच्या कथा पुढे वाचाव्यात की नाही, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. कथा निवडणे, त्यांचा क्रम लावणे आणि संग्रहांचे संपादन करणे यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे मी हे उत्तर मुख्यतः कथेच्या बांधणीच्या अंगाने देत आहे. उणीव पुस्तकात आहे, असे माझे मत आहे. मात्र समीक्षक सहसा जिथे बोट ठेवतात त्या ठिकाणी ती आहे असे मला वाटत नाही.

आधी पुस्तकाविषयी थोडे. मूळ जपानी संग्रह २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सहा कथा होत्या. त्यांपैकी बहुतेक कथा त्याआधीच्या काही महिन्यांत नियतकालिकांतून एकापाठोपाठ आल्या होत्या, तर शीर्षककथा खास पुस्तकासाठी लिहिली गेली. फिलिप गॅब्रिएल आणि टेड गूसन यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये निघाला, तेव्हा त्यात ‘सॅमसा इन लव्ह’ ही सातवी कथा घालण्यात आली. जपानी आवृत्तीला लेखकाची प्रस्तावना आहे. तीत अमेरिकन लेखक हेमिंग्वे यांच्या १९२७ च्या याच नावाच्या संग्रहाचा उल्लेख करून मुराकामी स्पष्ट करतात की आपल्या पुस्तकात हे नाव अधिक शब्दशः घ्यायचे आहे: निरनिराळ्या कारणांनी स्त्रिया ज्यांना सोडून गेल्या, किंवा जाण्याच्या बेतात आहेत, असे हे पुरुष आहेत. म्हणजे सूत्र आधी ठरले आणि कथा त्या सूत्रावर, थोड्या काळात, ओळीने लिहिल्या गेल्या. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिच्यात आहे.

सूत्र धरून कथासंग्रह करण्यात गैर काहीच नाही. पण सूत्र कशाचे धरावे, याला फार महत्त्व असते. एखादे ठिकाण, एखादा काळ, एखादा व्यवसाय हे सूत्र असेल, तर प्रत्येक कथा त्या चौकटीत कुठूनही सुरू होऊन कुठेही जाऊ शकते. इथे मात्र शेवटच सूत्र म्हणून निवडला गेला आहे. पुरुष भेटला की त्याची बाई जाणार, किंवा गेलेलीच असणार, हे मुखपृष्ठानेच सांगून टाकलेले असते. मग वाचकाच्या उत्सुकतेला एकच जागा उरते: ही जाते कशी? आणि नेमके याच प्रश्नाचे उत्तर देताना लेखक प्रत्येक वेळी हात आखडता घेतो. कथा सुटी, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने एखाद्या मासिकात वाचली असती तर हा संकोच संयम वाटला असता. सलग वाचताना त्याची सवय झालेली कळते. आपल्याला तिसऱ्या-चौथ्या कथेशी कंटाळा आला, तो याच कारणाने आला असावा.

आता ‘ड्राइव्ह माय कार’ ही पहिलीच कथा पाहू. काफुकू हा मध्यमवयीन नट. त्याच्या एका डोळ्यात काचबिंदूमुळे अंधबिंदू तयार झाल्याचे एका लहानशा अपघातानंतर लक्षात येते, म्हणून तो गाडी चालवायला मिसाकी या चोवीस वर्षांच्या अबोल मुलीला ठेवतो. पिवळ्या साब गाडीत बसून तो चेखव यांच्या ‘अंकल वान्या’ या नाटकातले आपले संवाद ध्वनिफितीबरोबर घोकतो. पत्नी, तीही अभिनेत्रीच, कर्करोगाने वारली आहे. ती हयात असताना तिचे इतर पुरुषांशी संबंध होते, हे त्याला ठाऊक होते आणि ते ठाऊक असल्याचे त्याने तिला कधी कळू दिले नाही. ती गेल्यावर तिच्या शेवटच्या प्रियकराशी, ताकात्सुकी या दुय्यम नटाशी, तो मुद्दाम मैत्री करतो आणि त्याच्याबरोबर बारमध्ये बसून पिऊ लागतो.

ही मांडणी उत्तम आहे, यात शंका नाही. नटाने घरातही अभिनय केला, बायकोसमोर न कळल्याचा आणि तिच्या प्रियकरासमोर मित्राचा, आणि आता या दोन भूमिकांतून बाहेर कसे यायचे ते त्याला समजत नाही. इथे कथेला धार आहे. पण पुढे काय होते? ती असे का वागली, हा काफुकूचा एकमेव प्रश्न. त्याचा शोध घेण्यासाठी कथेने काहीतरी घडवायला हवे होते: एखादे पत्र सापडणे, ताकात्सुकीच्या तोंडून अनवधानाने काही निसटणे, तिच्या एखाद्या सवयीचा अर्थ उशिरा लागणे. त्याऐवजी ताकात्सुकी एक छोटेसे भाषण करतो की दुसऱ्याचे मन पूर्णपणे पाहता येत नाही, पाहायचे तर स्वतःच्याच मनात खोल पाहावे. त्यानंतर मिसाकी सांगून टाकते की हे एक प्रकारचे आजारपण असते, त्यावर विचार करून उपयोग नसतो. काफुकू ते ऐकतो आणि डुलकी घेतो. डोळ्यातला अंधबिंदू ही खरे तर न बोलता पुष्कळ बोलणारी वस्तू होती. परंतु काफुकूला पत्नीच्या संदर्भात तोच शब्द उच्चारायला लावून लेखक तिचीही बोळवण करून टाकतो. दीर्घकाळ संसार केलेल्या त्या बाईला कथेत नाव नाही. ती कशाला हसत असे, भांडताना कशी बोलत असे, घरात तिची बसायची जागा कोणती होती, यांतले काहीही आपल्याला कळत नाही. ती सुंदर होती आणि तिचे चार जणांशी संबंध होते, एवढेच कळते.

आपल्याला चित्रपट आवडला आणि कथा आवडली नाही, यात विसंगती मुळीच नाही. र्युसुके हामागुची यांनी २०२१ च्या त्या चित्रपटात जी दुरुस्ती केली, तीच या कथेवरची मला माहीत असलेली सर्वांत नेमकी टीका आहे. त्यांनी पत्नीला ओतो हे नाव दिले आणि पटकथालेखिकेचा व्यवसाय दिला. याच संग्रहातल्या ‘शेहेरझाद’ कथेतली गोष्ट तिच्या तोंडी घातली आणि श्रेयनामावली पडद्यावर येण्याआधी सुमारे चाळीस मिनिटे तिला आपल्यासमोर वावरू दिले. नवरा अनपेक्षितपणे घरी येतो आणि पत्नीला दुसऱ्याबरोबर पाहतो, हा प्रसंग त्यांनी याच संग्रहातल्या ‘किनो’ या कथेतून उचलला. ती मेल्यानंतर तिचा आवाज गाडीतल्या ध्वनिफितीतून येत राहतो, म्हणून त्यानंतरचे दोन-सव्वादोन तास तिची उणीव प्रेक्षकालाही जाणवते. ज्या माणसाला आपण पाहिलेच नाही, त्याच्या जाण्याचे दुःख आपल्याला सांगून पटवता येत नाही, एवढा साधा हिशेब आहे, आणि दिग्दर्शकाने तो मांडला. ऑस्करसह मिळालेल्या पुरस्कारांमुळे प्रेक्षकांचा ओघ मूळ कथासंग्रहाकडेही वळला आणि आपल्यासारखे अनेक वाचक त्या वाटेने पुस्तकापर्यंत आले. त्यामुळे अपेक्षाभंग काहीसा अटळच होता.

‘अॅन इंडिपेंडंट ऑर्गन’ या कथेविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिथे हा दोष सर्वांत उघडा पडतो. डॉ. तोकाई हा बावन्न वर्षांचा, अविवाहित, खुशालचेंडू सौंदर्यशल्यविशारद. एकाच वेळी अनेक स्त्रियांशी त्याचे जमलेले असते, आणि त्यांच्या भेटींचे वेळापत्रक त्याचा चोख सचिव सांभाळतो. हा माणूस वयाच्या या टप्प्यावर एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडतो. ती नवऱ्याला आणि त्यालाही सोडून तिसऱ्याच कोणाबरोबर निघून जाते. तोकाई जेवणे सोडतो आणि उपाशी राहून मरतो.

कोणत्याही कथाकाराचा हेवा वाटावा असे हे कथाबीज आहे. सुखवस्तू डॉक्टर, ज्याला शरीराचे सगळे व्यवहार ठाऊक आहेत, तो स्वतःचे शरीर हळूहळू बंद पाडतो. पण हे उपोषण आपल्याला दिसते किती? निवेदक हा डॉक्टरचा व्यायामशाळेतला ओळखीचा लेखक असून त्याला मरणाची हकीकत नंतर सचिवाकडून ऐकायला मिळते. म्हणजे कथेतली सर्वांत मोठी घटना आपल्यापर्यंत ऐकीव येते, आणि प्रत्यक्ष समोर येतात ती तोकाईची आणि निवेदकाची चिंतने. त्यातले मुख्य चिंतन असे की खोटे बोलण्यासाठी स्त्रियांना जन्मतःच एक स्वतंत्र अवयव मिळालेला असतो, आणि तो आपल्या मर्जीने काम करतो. शीर्षक तिथूनच आले आहे. प्रश्न हे विधान आक्षेपार्ह असण्याचा नाही. दुखावलेला पुरुष याहून वाईट बोलतो आणि कथेत त्याने तसे बोलावेही. प्रश्न असा की या विधानाला कथेतून कोणीही, कोणतीही वस्तू, कोणताही प्रसंग उलट उत्तर देत नाही. स्वतः तोकाईने आयुष्यभर अनेक जणींना एकमेकींपासून लपवले, त्यासाठी पगारी सचिव ठेवला. तेव्हा हा अवयव पुरुषाला नसतो असे म्हणणे हा एक मोठा विनोद आहे. लेखकाला तो दिसला असता तर कथा वेगळ्याच उंचीवर गेली असती. निवेदक मात्र मान डोलावतो आणि कथा तिथे मिटते.

सहसा केली जाणारी टीका अशी की मुराकामींच्या स्त्रिया म्हणजे पुरुषांच्या स्वप्नातली पात्रे असतात. ती बरीचशी खरी आहे, पण या संग्रहाचे अपयश तिने पुरते उलगडत नाही. बायकोला कधीच न ओळखलेला पुरुष हा कथेचा अस्सल विषय आहे. त्याच्यावर मोठ्या कथा लिहिल्या गेल्या आहेत आणि त्यांतही बाई फार थोडा वेळ दिसते. फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने: पात्राला जे दिसत नाही ते लेखकाला दिसते आहे का?

चेखव यांची १८९४ मधली ‘रॉथशिल्डचे व्हायोलिन’ ही कथा या संदर्भात मी नेहमी पुढे ठेवतो. याकोव्ह हा शवपेट्या करणारा म्हातारा. त्याला सतत नुकसानीचा घोर लागलेला असतो. सणाचे दिवस, अपशकुनी सोमवार, गावाबाहेर जाऊन मेलेला पोलीस अधिकारी, अशा बुडीत कमाईची नोंद तो एका वहीत ठेवतो. त्याची पत्नी मार्फा आजारी पडते. ती वाचणार नाही हे कळल्यावर पुढचे काही दिवस सणावारांमुळे काम करता येणार नाही, असा हिशेब करून तो गजपट्टी घेतो आणि ती जिवंत असतानाच तिचे माप घेऊन पेटी करायला बसतो. पेटी झाल्यावर वहीत नोंद करतो: मार्फा इव्हानोव्हाची शवपेटी, दोन रूबल चाळीस कोपेक. त्या संध्याकाळी मार्फा त्याला हाक मारते आणि विचारते की पन्नास वर्षांपूर्वी आपल्याला सोनेरी केसांचे बाळ झाले होते, आपण नदीकाठी विलोच्या झाडाखाली बसून गात होतो, आठवते का? त्याला काहीच आठवत नाही. तो तिला सांगतो की तुला भास होतो आहे.

मार्फा सबंध कथेत अगदी थोडा वेळ आहे, तरी ती विसरता येत नाही, कारण तिच्याजवळ असे काहीतरी आहे जे याकोव्हजवळ नाही: एक आठवण. ती तिची स्वतःची आहे, नवऱ्याच्या दुःखाला पूरक म्हणून बेतलेली नाही. तिला पुरल्यावर म्हातारा नदीवर जातो, विलो पाहतो आणि मगच त्याला ते बाळ आठवते. नुकसान खरोखर कशाचे झाले ते त्याला आता उमगू लागते, आणि आपल्याला ते दोन रूबल चाळीस कोपेकच्या नोंदीपाशीच उमगलेले असते. पात्र आणि लेखक यांच्यामधले हे अंतरच कथेला उभे करते. ‘मेन विदाउट विमेन’मध्ये बहुतेक ठिकाणी हे अंतर नाहीसे झाले आहे, पुरुषाला जेवढे कळते तेवढेच कथेलाही कळते, आणि त्याला गूढ वाटते म्हणून आपल्यालाही गूढ वाटावे अशी अपेक्षा असते.

मुराकामींना हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांचे समग्र साहित्य त्यांनीच जपानीत आणले आहे. ज्या लेखकाच्या कथेत एक माणूस घरातले सगळे सामान अंगणात, खोलीत होते त्याच मांडणीत, पलंगाची त्याची बाजू आणि तिची बाजू यांसकट लावून ठेवतो आणि गेलेल्या बाईविषयी चकार शब्द काढत नाही, त्या लेखकाबरोबर इतकी वर्षे काढलेल्या अनुवादकाला वस्तूंकडून काम कसे करून घ्यायचे ते शिकवावे लागत नाही. हेमिंग्वे यांच्या त्या संग्रहातही असा एक प्रसंग आहे: मिलानच्या रुग्णालयात जखमी हातावर यंत्राचे उपचार घेणारा मेजर, लग्न करू नये म्हणून निवेदकावर एकाएकी भडकतो, फोन करून परत येतो आणि माफी मागून सांगतो की आताच पत्नी गेली. तीन दिवसांनी तो बाहीला काळी पट्टी लावून पुन्हा त्याच यंत्रापुढे बसतो. बरे झालेल्या हातांची छायाचित्रे भिंतीवर लावलेली आहेत, त्यांच्याकडे तो पाहत नाही. पत्नी कथेत एकदाही येत नाही, तरी तिचे जाणे त्या खोलीत भरून राहते. सिद्धांत एकही नाही. असलाच तर तो रागाच्या भरात बोललेला, आणि पुढच्याच क्षणी मागे घेतलेला.

म्हणून बाई कथेत किती वेळ आहे, तिला नाव आहे की नाही, या मोजमापाने आपण फार दूर जाणार नाही. मुराकामींच्या संग्रहातल्या ‘यस्टरडे’ या कथेतल्या एरिकाला नाव आहे, संवाद आहेत, जहाजाच्या गोल खिडकीतून दिसणाऱ्या बर्फाच्या चंद्राचे एक सुंदर स्वप्नही आहे, तरीही कथा लक्षात राहते ती कितारूमुळे. तोक्योत जन्मून हट्टाने कान्साईची, म्हणजे ओसाकाकडच्या भागाची, बोली शिकलेला आणि आपल्या मैत्रिणीबरोबर तूच फिर असा मित्राला आग्रह करणारा हा मुलगा संग्रहातला एकमेव पुरुष आहे ज्याला काहीतरी विचित्र असे हवे आहे. बाकीच्यांना हवे असते ते सगळे आधीच मिळून गमावलेले असते. सोळा वर्षांनंतरच्या भेटीत ही कथा घाईने आवरती घेतली आहे, पण तिच्यात खेळकरपणा आहे आणि तो या पुस्तकात दुर्मीळ आहे. ‘सॅमसा इन लव्ह’विषयी फार लिहिण्याची गरज नाही. काफ्काच्या कथेत कीटक झालेल्या सॅमसाला पुन्हा माणूस करण्याची ही करामत मुळात दुसऱ्या निमित्ताने लिहिलेली असून तिच्यात कोणी कोणाला गमावतही नाही. इंग्रजी पुस्तकाची पाने वाढली, एवढाच तिचा उपयोग.

शीर्षककथेत तर कथाच उरलेली नाही. मध्यरात्रीनंतर फोन वाजतो. एके काळच्या प्रेयसीने आत्महत्या केल्याचे तिचा नवरा कळवतो आणि फोन ठेवून देतो. तो का कळवतो? त्याला हा क्रमांक कुठे मिळाला? पत्नीने याच्याविषयी काय सांगितले होते? एका अनोळखी नवऱ्याच्या तोंडून आलेला तो कोरडा निरोप म्हणजे दोन पुरुषांमधली केवढी भयंकर जागा आहे. पण निवेदक तिकडे पाठ फिरवतो आणि चौदाव्या वर्षी ती आपल्याला वर्गात भेटली असती तर, खोडरबराचा अर्धा तुकडा तिने मोडून दिला असता तर, अशा कल्पनांत आणि ‘स्त्रीविना पुरुष’ होणे म्हणजे काय याच्या व्याख्यांत रमतो. काही वाक्ये गोड आहेत. तरीही एखाद्या नवोदिताने ही कथा माझ्याकडे पाठवली असती, तर नवऱ्याच्या फोनपासून पुन्हा सुरुवात करा आणि या वेळी त्याला फोन ठेवू देऊ नका, असा शेरा मारून मी ती परत केली असती.

आता न्याय म्हणून संग्रहातल्या दोन चांगल्या कथांविषयी. ‘शेहेरझाद’मध्ये हाबारा नावाचा पुरुष काही कारणाने घराबाहेर पडू शकत नाही, कारण सांगितलेले नाही आणि सांगण्याची गरजही नाही. एक विवाहित स्त्री त्याला वाणसामान आणून देते, त्याच्याशी शय्यासोबत करते आणि नंतर गोष्ट सांगते. शाळकरी वयात ती एका मुलाच्या बंद घरात चोरून शिरत असे. पहिल्यांदा तिने त्याची एक पेन्सिल नेली आणि बदल्यात स्वतःची एक वस्तू खणात लपवून ठेवली. पुढच्या खेपांना धीर वाढत गेला आणि तिचा हात त्याच्या घामट शर्टापर्यंत पोहोचला. ही पेन्सिल सबंध पुस्तकातल्या सगळ्या चिंतनांना पुरून उरते. इथे बाईला ओढ आहे, लाज आहे, हावरटपणा आहे, आणि मुख्य म्हणजे पुढे काय झाले ते सांगायचे की नाही याची सत्ता तिच्या हातात आहे. हाबारा तिला गमावण्याची भीती बाळगून पडून राहतो. ही भीती आपल्यालाही लागते, कारण गोष्ट अपुरी राहिली आहे आणि उद्या ती येईलच अशी खात्री नाही. गेलेल्या बाईपेक्षा जाऊ शकणारी बाई कथेला किती अधिक देते, हे पाहायचे असेल तर ही कथा आणि शीर्षककथा लागोपाठ वाचून पाहावी.

‘किनो’ याहून मोठी आहे. पळण्याच्या बुटांच्या कंपनीतला हा विक्रेता दौऱ्यावरून एक दिवस आधी घरी येतो आणि बायकोला आपल्याच सहकाऱ्याबरोबर पाहतो. खोलीचे दार लावून, धुवायच्या कपड्यांनी भरलेली पिशवी तशीच खांद्यावर घेऊन तो बाहेर पडतो आणि पुन्हा त्या घरात जात नाही. ती पिशवी पाहा. आरडाओरडा नाही, विश्लेषण नाही; आठवडाभराचे मळके कपडे घेऊन एक माणूस रस्त्यावर उभा आहे. मग तो एक छोटा बार चालवू लागतो. एक राखाडी मांजर येते, शांतपणे वाचत बसणारा एक गिऱ्हाईक येतो. मग मांजर जाते आणि साप दिसू लागतात. घटस्फोटाच्या कागदांसाठी आलेली पत्नी माफी मागते, आणि तो ती सहज, फारच सहज, स्वीकारतो. सापांनंतर त्याला बार बंद करून दूर जावे लागते आणि तिथे हॉटेलच्या खोलीत रात्री दारावर व खिडकीवर टकटक ऐकताना त्याला समजते की जेव्हा दुखायला हवे होते तेव्हा आपण दुखू दिले नाही. या एका कथेत गमावण्याचा दोष बाईच्या गूढ स्वभावावर टाकून पुरुष मोकळा होत नाही. त्याच्या समजूतदारपणाचाच हिशेब मागितला जातो. काफुकूनेही हेच केले होते, न दुखल्याचा अभिनय, पण त्याच्या दारावर कोणी टकटक केली नाही. पुस्तकाचा क्रम माझ्या हाती असता तर मी ‘किनो’ आधी ठेवून ‘ड्राइव्ह माय कार’ लेखकाकडे पुनर्लेखनासाठी पाठवली असती.

आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी: या लेखकाच्या कथा जरूर वाचाव्यात, मात्र पुढचे पुस्तक म्हणून ‘आफ्टर द क्वेक’ हा संग्रह घ्यावा. तो जपानीत २००० मध्ये आणि इंग्रजीत २००२ मध्ये आला. सहा कथा, आणि सगळ्या फेब्रुवारी १९९५ मध्ये घडणाऱ्या, म्हणजे जानेवारीतला कोबेचा भूकंप आणि मार्चमधला तोक्योच्या भुयारी रेल्वेवरचा सारिन वायूचा हल्ला यांच्या मधल्या काळात. इथेही सूत्र आधी ठरलेले आहे, पण ते काळाचे आहे, शेवटाचे नाही, आणि त्यामुळे सहाही कथा सहा दिशांना जातात. पहिल्याच कथेत कोमुरा या माणसाची पत्नी दूरचित्रवाणीवर भूकंपाच्या बातम्या पाच दिवस एकटक पाहत राहते आणि मग निघून जाते. जाताना ती पत्र ठेवते. त्यात तिने लिहिलेले असते की तू चांगला आहेस, दयाळू आहेस, पण मला देण्याजोगे तुझ्यात काहीच नाही; तुझ्याबरोबर राहणे म्हणजे हवेच्या गोळ्याबरोबर राहण्यासारखे आहे. एवढे एकच पत्र, आणि ती बाई नंतर कथेत दिसत नाही. पण कोमुरा पुढे कुशिरोला जातो, कोणाचा तरी लहानसा डबा पोहोचवतो, नव्या बायकांना भेटतो, तेव्हा प्रत्येक वेळी आपण त्या पत्रातला आरोप त्याच्यावर ताडून पाहत राहतो. मुराकामींनी हे ‘मेन विदाउट विमेन’च्या चौदा वर्षे आधी केलेले आहे. आपण ती कथा आधी वाचावी आणि तिच्यामागोमाग ‘किनो’ पुन्हा एकदा वाचावी. ‘आफ्टर द क्वेक’मधल्या उरलेल्या पाच कथा तूर्त वगळल्या तरी चालतील.